मळीत पुरलेले टायर

महेशअप्पा कुणाच्याही गाडीजवळ आले, की मालकाकडं बघत नसत. उकिडवे बसत, उजव्या हातातल्या जाड पंचधातूच्या अंगठीनं टायरवर एक टिचकी देत आणि मान वाकडी करून ऐकत. मग गुडघे झटकून उठत आणि म्हणत, "झोपलंय." किंवा, "जागं हाय, जा." चेअरमनसाहेबांची गाडी असो की दूधवाल्याची लुना, न्याय एकच. लोक हसायचे, पण थांबायचे. आणि हसायचे ते दिवसा. थंडीच्या दिवसांत, उजाडायच्या आधी, अंगावर घोंगडी घेऊन उभं राहिल्यावर समोर अप्पा टायरला गाल लावून बसलेले दिसले, तर कुणाला हसू येत नसे.

अप्पा म्हणजे केजच्या एका किराणा दुकानदाराचे धाकटे चिरंजीव. घर लिंगायत. पुण्यात डिप्लोमा केला, मोटारसायकलच्या शर्यतींत उतरले, एका टायर कंपनीच्या ट्रॅकवर टायर तपासायची नोकरी केली, आणि एक दिवस सगळं सोडून, जरा लंगडत, गावाकडं आले. आमच्या सहकारी साखर कारखान्याच्या वाहन विभागात सुपरवायझर झाले. लग्न केलं नाही. कारखान्याच्या क्वार्टरमध्ये एकटे राहत. कपाळावर विभूती, मिशीला कलप, डोळ्यांवर काळा गॉगल आणि पायात पांढरे स्वच्छ बूट. गावात टँकर आठ-आठ दिवस येत नसे तेव्हासुद्धा ते बूट पांढरेच असत. कसे, ते कळलं नाही.

मी टाइम ऑफिसात क्लार्क म्हणून लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "शिकलास काय बे?"

"बी.कॉम."

"कावून?"

कशासाठी शिकलास, हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. माझे आईबाप आष्टीकडून ऊसतोडीला जायचे. आमच्या अख्ख्या भावकीत पदवीचा कागद पहिला माझ्या घरात आला, आणि हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगतो. मी जरा ताठूनच म्हणालो, "कावून म्हणजे?"

"न्हाई, सहज. कायतरी कारण आसंल." आणि निघून गेले. तेव्हापासून माझं नाव बीकॉम.

गप्पा मारायला लागले की अप्पा सगळ्या शर्यती जिंकलेले असत. कुणी विचारलं, "अप्पा, मग एखादा कप कुठाय?" तर म्हणत, "कपात मी चहा पितो." त्यांचं सगळंच खरं निघायचं असंही नाही. एकदा उसाच्या ट्रॅक्टरचं चाक बघून "जागं हाय" म्हणाले आणि गेटच्या बाहेर पडायच्या आत ते फुटलं. ड्रायव्हर शिव्या देत परत आला. अप्पा शांतपणे म्हणाले, "जागं होतं म्हणून तर फुटलं. झोपलेलं कधी फुटतंय व्हय?"

त्यांची स्वतःची मोटारसायकल त्यांनीच जुळवलेली होती. मागं बसायला सीट नाही, आरसा नाही. तिला ट्रॅकचे टायर. असा टायर मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, झिजलेला आहे. नक्षी जवळजवळ नाहीच, नुसतं काळं, गुळगुळीत, मऊ रबर. अप्पांनी समजावलं ते असं: हे रबर तापलं की रस्त्याला गोचिडासारखं धरतं. गार असलं की काच. साधा टायर थंडीतही बरा चालतो, हा नाही. आणि आमच्याकडं बालाघाटावर डिसेंबर-जानेवारीत पहाटे असा गारठा पडतो की हौदाच्या नळाला हात लावला तर हात बधिर होतो. "पहिल्या वळणाला हे टायर कुणाचंच नसतं," अप्पा म्हणायचे. "तुझं न्हाई, माझं न्हाई, रस्त्याचं बी न्हाई."

दर वर्षी दिवाळीनंतर ट्रान्सपोर्टच्या ट्रकमधून या टायरांची एक जोडी यायची. पोत्यात शिवलेली, वर फक्त अप्पांचं नाव. गेटजवळ माझी खिडकी, म्हणून बऱ्याचदा मीच ती उतरवून घ्यायचो. एकदा विचारलं, "कोण पाठवतं हो?"

"ज्याची हायेत तो," अप्पा म्हणाले.

आता मळीचं सांगितलं पाहिजे. उसाचा रस गाळला की जो काळा, ओला चोथा मागं राहतो, त्याला आमच्याकडं मळी म्हणतात. कारखान्याच्या मागं तिचा डोंगर असतो. मळी आतून कुजत असते आणि कुजताना तापते. वरून हात लावला तर काही नाही, पण हातभर खोल गेलं की चटका बसतो. थंडीत पहाटे त्या ढिगातून अशी वाफ निघते की खाली कुणीतरी श्वास घेतंय असं वाटावं. अप्पा संध्याकाळी दोन्ही चाकं काढायचे, पोत्यात गुंडाळायचे आणि ढिगात पुरायचे. पहाटे जाऊन फावड्यानं उकरून काढायचे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अंधुक उजेड होता. वाफेत एक माणूस वाकून काहीतरी काळं, गोल, वाफाळणारं दोन्ही हातांनी बाहेर ओढत होता आणि त्याच्याशी हळू आवाजात बोलत होता. मी जागच्या जागी थांबलो. अप्पांनी मान वर केली. "घाबरलास व्हय, बीकॉम? आमच्यात पुरतात. जाळत न्हाईत."

मग दुष्काळ आला. पहिल्या वर्षी ऊस निम्म्यावर आला, दुसऱ्या वर्षी आलाच नाही. बॉयलर विझला. कारखाना बंद म्हणजे काय, हे न पाहिलेल्याला सांगता येत नाही. इतकी मोठी यंत्रं एकाच वेळी गप्प झाली की कानाला दडे बसल्यासारखं होतं. आवारात ऊसतोडीच्या टायरगाड्या ओळीनं उभ्या, जू जमिनीला टेकलेलं, एकही बैल नाही. बैल छावणीत. अर्धा स्टाफ घरी पाठवला. अप्पा राहिले, मी राहिलो, वॉचमन राहिला.

नवी मळी नाही म्हटल्यावर जुना ढीग गार पडायला लागला. वरून सुकला, भेगाळला, वाफ थांबली. फक्त अप्पांची जागा तेवढी ऊन राहिली. कारण अप्पा तिला पाणी पाजत होते. टँकरनं माणशी जे काही मिळे, त्यातली अर्धी बादली ते रोज संध्याकाळी त्या जागेवर ओतायचे आणि फावड्यानं वरखाली करायचे. वॉचमनची बायको, सरूबाई, हे बघायची. एक दिवस ती चारचौघींना घेऊन ढिगाजवळ येऊन उभी राहिली.

"अप्पा, लेकरास्नी प्यायला न्हाई आन् तुमी उकिरड्याला पाजता?"

"माझ्या आंघोळीचं हाय, सरूबाई."

"आंघोळ करीत न्हाई व्हय मग?"

"तुला वास येतोय का?"

बाया हसल्या, पण सरूबाई हसली नाही. "खाली कोन हाय ते सांगा. गावात लोक म्हनत्यात भानामती हाय. तुमी कुनाला तरी पुरलंय आन् त्याला जगवताय."

अप्पांनी फावडं बाजूला ठेवलं. "हात घाल. आत कोन हाय ते तूच बघ."

सरूबाई धीट बाई. तिनं बांगड्या वर सारल्या आणि कोपरापर्यंत हात आत घातला. क्षणभर तशीच राहिली. मग हात काढला, पदराला पुसला आणि चालू पडली. मी नंतर तिला विचारलं, काय लागलं हाताला. ती म्हणाली, "काय न्हाई. पर ज्वर आल्यागत ऊन हाय ते. मेलेल्याला ज्वर येत न्हाई, भाऊ." दुसऱ्या दिवशी त्या जागेवर हळदकुंकू आणि लिंबू होतं. अप्पांनी लिंबू उचललं, घरी नेलं आणि सरबत केलं. साखर आमच्या गोदामात तेवढी उरली होती.

त्या हिवाळ्यात एका पहाटे मी त्यांच्याबरोबर घाट उतरून पायथ्यापर्यंत गेलो. ते मोटारसायकलवर, मी दूधवाल्याची लुना मागून घेऊन मागं. पायथ्याला बंद पडलेलं जकात नाकं आहे. तिथं अप्पा थांबले, खाली बसले, टायरला गाल लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग म्हणाले, "अजून आला न्हाई."

"कोण?"

"रघ्या. आनि कोन."

असं सांगितलं, जणू मी रघूला ओळखत होतो. मग नाक्याच्या ओट्यावर बसून त्यांनी ते सांगितलं. त्या ट्रॅकवर रघू म्हणून त्यांचा जोडीदार होता. टायर बघायचं काम अप्पांचं, चालवायचं काम रघूचं. जानेवारीतली सकाळ. टायर तापवायची जी विजेची गोधडी असते ती लावलेली होती, पण मधेच वीज गेली होती, आणि ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. रघूनं विचारलं, जाऊ का. अप्पा चहा पीत होते.

"टिचकी मारली न्हाई मी. बसल्या जागेवरनं म्हनलो, जा. पहिल्याच वळणाला गेला. माझा पाय त्याला काढताना मोडला, गाडी अंगावर आली. त्याच्या बापाला म्हनलो, पुरा, जाळू नका, मातीत ऊब राहती. त्यांच्यात जाळत्यात. जाळला." गॉगल काढून त्यांनी पुसला. "आता टायर तापलं की येतो. घाटात मागनं येतो, शेजारनं चालतो, माथ्यापत्तूर. टायर गार आसलं तर येत न्हाई. मग मी बी जात न्हाई."

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. शिकलेला माणूस आहे. मी म्हणालो, "अप्पा, वाऱ्याचा आवाज आसंल."

"आसंल की," अप्पा म्हणाले. आणि मोटारसायकल चालू न करता, हातानं ढकलत, लंगडत, अख्खा घाट चढून ते कारखान्यापर्यंत परत आले. मी लुनावरून हळूहळू मागं. आठ मैल असतील.

तिसऱ्या वर्षी परतीचा पाऊस बरा झाला. खालच्या धरणाच्या बाजूचा थोडा ऊस मिळणार होता. हंगाम उशिरा, डिसेंबर सरता सरता, पण कारखाना पेटणार होता. बॉयलर पेटवायचा म्हणजे आमच्याकडं लग्नाइतका सोहळा. संचालक, पूजा, मंडप. चेअरमनसाहेबांचे चिरंजीव प्रतापदादा यांनी ठरवलं, की यंदा बॉयलरला साधी काडी लावायची नाही. नारायणगडावरून ज्योत आणायची. पोरं पळत ज्योत आणतील, प्रतापदादा मोटारसायकलवर त्यांच्याबरोबर हळूहळू चालतील. घाटाच्या पायथ्याला ज्योत कंदिलात घेऊन त्यांच्या गाडीला बांधायची आणि तिथून ते एकटे, सुसाट, घाट चढून कारखान्यात येणार. वर गेटवर बँड तयार.

पोरगं वाईट नव्हतं. हे लिहिलं पाहिजे, कारण लोक चेअरमनच्या पोराविषयी ऐकताच नाक मुरडतात. दुष्काळात दोन वर्षं ते स्वतः टँकरवर बसून वस्त्या-वस्त्यांवर फिरलं होतं. त्याला नवी, भारी मोटारसायकल मिळाली होती आणि तिला अप्पांचे टायर हवे होते. चाकाचं माप एकच. दिवाळीनंतरची जोडी नुकतीच आली होती.

गेस्ट हाऊसच्या व्हरांड्यात बोलणं झालं. मी कार्यक्रमपत्रिका घेऊन उभा होतो.

"देत न्हाई," अप्पा म्हणाले.

"अप्पा, पोराची हौस हाय," साहेब म्हणाले.

"साहेब, त्यो पोरांबरोबर हळूहळू येनार. हळू चाललं की टायर गार पडनार. मी किती का तापवून दीना, घाटापत्तूर काच झालेली आसंल. आन् तिथंच दादा गाडी पिळनार."

प्रतापदादा हसले. "काका, रेसचं टायर हाय. दोनशेच्या स्पीडला घसरत न्हाई, ते आपल्या घाटात घसरंल?"

सगळ्यांनी माना हलवल्या. खरं सांगायचं तर मलाही ते पटलं. भारी वस्तू ती सगळीकडंच भारी, असंच आम्ही समजत आलो. परदेशी गाय आणली तर ती आमच्या उन्हातही तेवढंच दूध देईल, असं समजून कारखान्यानं एकदा गोठा बांधला होताच.

"अप्पा," साहेब शांतपणे म्हणाले, "तुमाला नोकरी मीच दिली."

"व्हय साहेब."

"मग?"

"नोकरी घ्या परत."

अप्पा प्रतापदादांकडं बघत होते, पण मला वाटलं, त्यांच्या मागं कुणी उभं आहे त्याच्याकडं बघताहेत. मी वळून पाहिलं. भिंत होती. मग अप्पा एकदम नरम आले. "बरं. चाकं काढून द्या. माझी जोडी चढवतो, रिमसकट ढिगात ठेवतो, सकाळी बसवून देतो. घाटातली पहिली दोन-तीन वळणं हळू घ्या म्हंजे झालं." सगळ्यांना हायसं वाटलं. साहेबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

आदल्या संध्याकाळी अप्पांना दोन पोती ढिगात पुरताना सरूबाईनं पाहिलं, मीही पाहिलं. प्रतापदादांची गाडी वर्कशॉपात लाकडी ठोकळ्यांवर उभी होती, चाकांशिवाय.

पहाटे पोरं फावडी घेऊन ढिगावर गेली. अप्पा क्वार्टरमध्ये नव्हते. पोरांनी खणलं. अप्पांची ती जागा इतकी तापलेली होती की एकाच्या हाताला फोड आले. पोती निघाली. पोत्यांत उसाचं वाळलेलं पाचट. ठोकळ्यांवरच्या गाडीकडं बघून प्रतापदादांनी अप्पांच्या सगळ्या घराण्याचा उद्धार केला. गडावर पोरं वाट बघत होती, मुहूर्त टळत होता. शेवटी जीप काढली, आणि दादा पोरांसकट जीपमध्ये बसून गेले. साहेबांनी मला बोलावलं. "तुझं ऐकतो तो. जा, घिऊन ये."

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकतो. ज्योत जीपमधून आली, बॉयलर पेटला, बँड वाजला. दादांच्या गाडीची चाकं संध्याकाळी कोरड्या विहिरीत सापडली, त्यांच्या मूळच्या टायरांसकट, नीट एकावर एक ठेवलेली. अप्पा सापडले नाहीत. घाटाच्या दरीत पोलिसांनी शोधलं, धनगरांनी शोधलं. ना माणूस, ना गाडी, ना रस्त्यावर घसरल्याची खूण. केजचे थोरले भाऊ अनेकदा आले. त्यांचे दिवस घालायचे का, असं कुणीतरी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "आमच्यात पुरावं लागतं. पुरायला कायतरी पाहिजे ना." काही केलं नाही. प्रतापदादा आज चेअरमन आहेत, दोन मुलींचे बाप आहेत, आणि जेवणावळीत रंगून सांगतात, एका येड्यानं ऐनवेळी माझी चाकं कशी पळवली होती. लोक हसतात. मी त्या पंगतीत असलो तर भाताकडं बघतो. दिवाळीनंतर टायरांचं पोतं पुन्हा आलं नाही. ट्रान्सपोर्टवाल्याला विचारलं, तर त्याला असं पोतं आणल्याचंच आठवत नव्हतं.

आणि आता ते, जे मी साहेबांना सांगितलं नाही.

अप्पा मला सापडले होते. घाटाच्या पायथ्याला, जकात नाक्याच्या मागल्या ओट्यावर, जीपमधून दिसणार नाहीत असे, पांढऱ्या बुटांच्या नाड्या बांधत बसलेले. गाडी शेजारी उभी. ऊन अजून खाली उतरलं नव्हतं, वरच्या वळणांवर होतं. माझ्या तोंडातून वाफ निघत होती.

"अप्पा, चला परत. साहेब तापलेत, पन सांगू कायतरी."

"पोरगं कशात गेलं?"

"जीपमदी."

"चालवतंय कोन?"

"बाबू ड्रायव्हर."

"मग बरं. बाबू वळणाला हॉर्न देतो."

मी त्यांच्या गाडीच्या टायरला हात लावला. ट्रॅकचेच होते, नवी जोडी. पत्र्यासारखे गार. "अप्पा, हे तर गारठलेत. तापवलेच न्हाईत."

"ढिगात ठेवले असते तर पोरांनी नेले असते."

"मग जाऊ नका. तुमीच म्हनता, गार आसल्यावर त्यो येत न्हाई."

अप्पांनी दुसऱ्या बुटाची नाडी बांधली, उठले, गॉगल लावला. चेहऱ्यावर भीती नव्हती, दुःखही नव्हतं. लांबच्या पाहुण्याकडं निघालेला माणूस दिसतो तसे दिसत होते.

"दर खेपंला त्योच येतो, बीकॉम. इतक्या लांबनं. एक खेप आपुन जावं."

मी गाडीच्या पुढं उभा राहायला हवं होतं की नाही, हे मी ठरवू शकलेलो नाही. त्यांनी मला हातानं बाजूला केलं, हळूच, दार लोटावं तसं, आणि गेले. पहिल्या वळणावर मागचं चाक सरकलं. मला स्पष्ट दिसलं. गाडी आडवी झाली, सावरली, पुन्हा उभी राहिली. दुसरं वळण डोंगराआड. तिसऱ्या वळणावर ऊन होतं. तिथं ते बाहेर आले तेव्हा रस्त्याच्या मधून चाललेले नव्हते. डाव्या कडेला सरकले होते, उजवीकडची अर्धी वाट मोकळी सोडून. मागून येणाऱ्याला शेजारी घ्यायचं असलं की सोडतात तशी. मान किंचित उजवीकडं वळवलेली होती. मग वळण संपलं आणि ते दिसेनासे झाले.

मी ऐकत उभा राहिलो. एक इंजिन वर चढत होतं. अर्ध्या घाटात ते दोन झालं. प्रतिध्वनी असेल, घाटात येतो. पण एक जरा पुढं होतं आणि दुसरं त्याला गाठत होतं, मग दोन्ही बरोबरीनं. माथ्यावर पोचल्यावर दोन्ही आवाज एकदमच सैल पडले, चढ संपल्यावर पडतात तसे, आणि पलीकडं उतरून गेले.